युद्धातले शेवटचे वर्ष आणि हजेरीचा पुरावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रशियाने युक्रेनवर हल्ला केला तो दिवस २४ फेब्रुवारी २०२२. त्याआधी काही महिने, म्हणजे २०२१ च्या शरदात, वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला तिथे प्रवेश घेतलेली भारतीय विद्यार्थ्यांची तुकडी २०२७ च्या उन्हाळ्यात पदवी घेऊन बाहेर पडेल. युद्धाआधी दाखल झालेली ही शेवटची तुकडी. युक्रेनमधून भारतीयांना परत आणणाऱ्या ‘ऑपरेशन गंगा’ची ९० विमाने उतरली तेव्हा प्रत्येक जिल्ह्याच्या पानावर या मुलांचे फोटो होते. आता त्यांच्याबद्दल कुणी विचारत नाही. खरी कसोटी मात्र आत्ता आहे, कारण सहाव्या वर्षात आणि पदवीनंतरच्या वर्षभरात जे कागद हाती येतात त्यांवरच भारतातली नोंदणी ठरते. या तुकडीचे विद्यार्थी, त्यांचे पालक, आणि याच विद्यापीठांतून आधी शिकून आज महाराष्ट्रात काम करणारे डॉक्टर, या तिघांसाठी हे पत्र आहे. पत्र लांबले आहे. पण अर्धवट माहिती या विषयात घातक ठरते, म्हणून शक्यतो कात्री लावू नये ही विनंती.

आधी नियमांचे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने परदेशी पदवीधरांसाठीचे नवे नियम १८ नोव्हेंबर २०२१ रोजी अधिसूचित केले. किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, तो एकाच संस्थेत, इंग्रजी माध्यमातून. शिवाय तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप, भारतात परतल्यावर आणखी १२ महिने, आणि हे सगळे प्रवेशापासून दहा वर्षांच्या आत. ज्यांचा प्रवेश या तारखेच्या आधीचा आहे त्यांना हे नियम लागू नाहीत. त्यामुळे २०२१ च्या तुकडीतल्या प्रत्येकाने पहिल्यांदा बघायची ती एकच तारीख: विद्यापीठाच्या प्रवेश आदेशावरची. विमानाच्या तिकिटावरची किंवा एजंटाने दिलेल्या निमंत्रणपत्रावरची तारीख नव्हे. त्या वर्षी व्हिसाला उशीर झाला म्हणून बरीच मुले डिसेंबरमध्ये, काही तर जानेवारी २०२२ मध्ये तिथे पोहोचली. प्रवेश आदेश ऑक्टोबरचा आणि पासपोर्टवरचा शिक्का डिसेंबरचा असेल, तर ती तफावत का झाली याचे विद्यापीठाचे पत्र आत्ताच मागून घ्यावे. पदवी हातात पडल्यावर डीनच्या कार्यालयाला, मुलांच्या भाषेत ‘देकानात’ला, आपल्यात काहीच रस उरत नाही.

युद्ध सुरू झाल्यावर आलेल्या सवलती तुकड्या-तुकड्यांनी आल्या आणि प्रत्येक सवलत एका ठरावीक गटापुरती होती. ४ मार्च २०२२ च्या परिपत्रकाने, युद्धामुळे किंवा कोविडमुळे ज्यांची इंटर्नशिप अर्धी राहिली त्यांना ती भारतात पूर्ण करण्याची मुभा मिळाली. अट एवढीच की आधी एफएमजीई, म्हणजे परदेशी पदवीधरांना भारतात नोंदणीसाठी द्यावी लागणारी चाळणी परीक्षा, उत्तीर्ण व्हायची. २८ जुलै २०२२ च्या सूचनेने शेवटच्या वर्षाच्या मुलांना वाट दिली: ३० जून २०२२ पर्यंत विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण केल्याचा दाखला किंवा पदवी दिली असेल तर एफएमजीईला बसता येईल, पण इंटर्नशिप एकाऐवजी दोन वर्षांची. ६ सप्टेंबर २०२२ रोजी आयोगाने युक्रेनची ‘अकॅडेमिक मोबिलिटी’ची योजना मान्य केली, म्हणजे दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात तात्पुरते शिकायचे आणि पदवी मूळ युक्रेनी विद्यापीठाची घ्यायची. पुढे मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या प्रस्तावानुसार, परतलेल्या वरच्या वर्षांच्या विद्यार्थ्यांना इथल्या महाविद्यालयात प्रवेश न घेता एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेचे दोन्ही भाग देण्याची एकच संधी मिळाली. त्यानंतरही इंटर्नशिप दोन वर्षांची, त्यातले पहिले वर्ष विनावेतन.

या दोन वर्षांवरून पालकांत मोठी नाराजी होती आणि अजून आहे. आमचे मत स्पष्ट आहे. अट योग्य होती. विनावेतन राबवणे अयोग्य होते. शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने रुग्णाच्या पोटाला हात लावून शिकायचे असते आणि तेच वर्ष मोबाइलच्या पडद्यावर गेले, तर ती उणीव कुठेतरी भरून काढावीच लागते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांत बसवला. तो कसा बसवला, तर उन्हाळ्याच्या सुट्ट्या रद्द करून आणि दर नऊ महिन्यांनी नवी तुकडी घेऊन. वॉर्डातले काम त्यांनी गाळले नाही. युद्धात वेळापत्रक आवळता येते, रुग्णाशेजारचे तास वगळता येत नाहीत. पण जो तरुण ते तास भरून काढायला सरकारी रुग्णालयात पूर्ण वेळ राबतो, त्याला इतर इंटर्नइतके विद्यावेतन मिळायलाच हवे होते.

आता मुद्दा हजेरीच्या पुराव्याचा. आज सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. ऑनलाइन झालेले वर्ग नंतर प्रत्यक्ष हजर राहून भरून काढले असतील तर विद्यापीठ तसा दाखला देते. त्याला सगळे ‘कॉम्पेन्सेशन सर्टिफिकेट’ म्हणतात. काही विद्यापीठांनी हे दाखले सरसकट वाटले आणि त्यामुळे प्रामाणिक दाखल्यांवरही संशय आला. जून २०२४ मधल्या आयोगाच्या सूचनांचा गाभा हाच होता: ऑनलाइन वर्गांच्या बदल्यात नुसता दाखला चालणार नाही, प्रत्यक्ष हजेरी आणि त्यानंतरची परीक्षा दिसली पाहिजे. राज्याची वैद्यकीय परिषद हे कसे पडताळते, तर दाखल्यावरच्या तारखा आणि पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के शेजारी ठेवून. दाखला म्हणतो सप्टेंबर ते जानेवारी हजर, आणि पासपोर्ट म्हणतो नोव्हेंबरात भारतात उतरला. अर्ज तिथेच थांबतो. मधे बहिणीच्या लग्नाला तीन आठवडे येऊन गेला असेल, तर दाखल्यात तो खंड दाखवलेला असणेच हिताचे. खंड दाखवणारा दाखला खरा वाटतो. सलग, गुळगुळीत दाखल्यावरच प्रश्न येतात.

म्हणून पासपोर्टची मुदत संपली तरी जुना पासपोर्ट जपावा. नूतनीकरणाच्या वेळी तो कोपरा कापून परत मिळतो. बरेच जण तो घरी कुठेतरी टाकतात आणि नेमके युक्रेनचे, पोलंडचे किंवा रोमानियाचे शिक्के त्यातच असतात. प्रत्येक पान, कोरे पानसुद्धा, स्कॅन करून ठेवावे. फेब्रुवारी-मार्च २०२२ मध्ये सीमा ओलांडताना गर्दीत काहींच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का पडलाच नाही किंवा पुसट पडला. अशांनी विमानाचा बोर्डिंग पास, भारतात उतरल्याचा शिक्का आणि विद्यापीठाचे त्या काळातले वर्ग ऑनलाइन असल्याचे पत्र, हे तिन्ही एकत्र जोडावे.

दुसरा पुरावा म्हणजे रोजची नोंदवही. युक्रेनमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याकडे गुणांची छोटी वही असते, मुले तिला ‘झाचोत्का’ म्हणतात. एका पानावर विषयाचे नाव, एकूण तास किंवा क्रेडिट (श्रेयांक), शिक्षकाचे नाव, गुण, तारीख, सही. बाकी काही नाही. त्या पानावरून विद्यार्थी परीक्षेला बसला एवढे कळते, तो कोणत्या रुग्णालयाच्या कोणत्या वॉर्डात उभा होता हे कळत नाही. एखादा तास चुकला की हजेरीपटावर ‘एनबी’ ही गैरहजेरीची खूण लागते आणि तो तास वेगळा भरावा लागतो. त्याला ‘ओत्राबोत्का’ म्हणतात. तो भरल्याची नोंद विभागाच्या रजिस्टरात राहते, विद्यार्थ्याच्या हातात येत नाही. यासाठी सहाव्या वर्षात प्रत्येकाने स्वतःची वेगळी वही ठेवावी: तारीख, रुग्णालयाचे नाव, विभाग, किती ते किती वाजेपर्यंत, काय पाहिले, काय स्वतः केले, देखरेखीला कोण होते. रुग्णाचे नाव लिहायचे नाही. वय, लिंग आणि निदान पुरे. दर आठवड्याला त्या शिक्षकांची सही आणि प्रत्येक विषयाचे सत्र संपले की विभागाचा शिक्का. सत्र संपताना एकगठ्ठा सह्या घेतल्या की सगळ्या सह्या एकाच पेनाच्या, एकाच दाबाच्या दिसतात आणि वहीचे वजन जाते. शेवटी या वहीचा गोषवारा विद्यापीठाच्या पत्रशीर्षावर, गोल शिक्क्यासह, विभागवार तासांच्या तक्त्यात मागून घ्यावा.

युद्धात हे तास कसे गळतात हेही समजून घ्यायला हवे. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की वर्ग तळघरात जातो. ज्या विद्यापीठाकडे जितक्या माणसांचा निवारा, तितक्याच विद्यार्थ्यांना एका वेळी प्रत्यक्ष वर्गात घेता येते. म्हणून गट पाळीपाळीने बोलावले जातात आणि बाकीचे त्या आठवड्यात ऑनलाइन असतात. १० ऑक्टोबर २०२२ पासून वीजयंत्रणेवर हल्ले सुरू झाले आणि त्या हिवाळ्यात ऑनलाइन तासही तुटक होऊ लागले. रात्रीच्या संचारबंदीमुळे विद्यार्थ्याला रात्रपाळीला अधूनमधून जाऊन येणे शक्य नसते. थांबायचे तर रात्रभर थांबावे लागते, आणि पुष्कळ ठिकाणी तशी परवानगी मिळत नाही. परिणामी अपघात विभाग आणि प्रसूतिकक्ष, जिथले खरे शिक्षण रात्रीच होते, तिथले तास सर्वांत कमी पडतात. भारतात इंटर्नशिप मिळाल्यावर हे दोन विभाग कच्चे आहेत हे धरूनच मुलांनी सुरुवात करावी, आणि इथल्या वरिष्ठांनीही ते धरून चालावे. भारतीय दूतावासाने १९ ऑक्टोबर २०२२ ला युक्रेन सोडण्याची आणि तिकडे प्रवास न करण्याची सूचना दिली होती. परत जायचे की नाही हा निर्णय कुटुंबाचा आहे आणि आम्ही कुणाला जा म्हणत नाही. जे गेले, किंवा मोबिलिटीतून तिसऱ्या देशात गेले, त्यांचे कागद तरी चोख असावेत एवढेच म्हणणे आहे.

मोबिलिटी आणि ट्रान्सफर या दोन गोष्टी एजंटांनी सर्रास एक करून सांगितल्या. त्या एक नाहीत. मोबिलिटीत विद्यार्थी मूळ विद्यापीठाचाच राहतो. दोन विद्यापीठांत करार असतो, किती क्रेडिट कुठे घ्यायचे याचा तक्ता असतो, आणि पदवी युक्रेनची. ट्रान्सफरमध्ये मूळ विद्यापीठ नाव कमी करण्याचा आदेश काढते, ‘अकादेमिच्ना दोविद्का’ म्हणजे तोवरच्या गुणांचा उतारा देते, आणि पुढची पदवी नव्या विद्यापीठाची. काही मुले २०२२ च्या गोंधळात नाव कमी करून बसली आणि नंतर मोबिलिटीचा दाखला शोधत आली. नाव कमी केल्याच्या आदेशाची तारीख मोबिलिटीच्या काळात किंवा त्याआधी पडत असेल, तर तो दाखला टिकत नाही. मोबिलिटी केलेल्यांनी चार कागद जपावेत: मूळ विद्यापीठाचा पाठवण्याचा आदेश, दोन संस्थांमधला करार किंवा त्याचा उल्लेख असलेले पत्र, यजमान विद्यापीठाचा गुणपत्रक-उतारा, आणि ते गुण मूळ विद्यापीठाने स्वीकारल्याची नोंद. चौथा कागद बहुतेकांकडे नसतो. पदवीसोबत मिळणाऱ्या विषय-गुणांच्या पुरवणीत ते क्रेडिट दिसत असतील तर चालते, पण पुरवणी छापण्याआधी मसुदा मागून तपासावा.

मसुदा तपासायचे दुसरे कारण नाव. युक्रेनमध्ये आपले नाव आधी तिकडच्या लिपीत लिहिले जाते आणि मग कुणी कारकून ते परत रोमन लिपीत उतरवतो. आपला ‘ह’ तिकडे ज्या अक्षराने लिहितात त्याचे रोमन रूप ‘ख’ होते. ‘महेश’ हा परतीच्या प्रवासात ‘मखेश’ होतो, ‘राहुल’चा ‘राखुल’. पदवीवरचे इंग्रजी नाव पासपोर्टप्रमाणे असायला हवे, तरी अशी गफलत होते. त्यात महाराष्ट्रातल्या मुलांची आणखी एक अडचण: दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव. नीटच्या अर्जावर मुलाने भरले तसे. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि नाव-वडिलांचे नाव दुसऱ्यात. पदवीवर वडिलांचे नाव कधी येते, कधी गळते. मुलींचे लग्न मधे झाले असेल तर आणखी एक प्रकार. अर्ज तपासणारा अधिकारी हे चार कागद समोर ठेवतो आणि अक्षर न् अक्षर ताडून पाहतो. अक्षराचा फरक असेल तर विद्यापीठाकडून दुरुस्ती किंवा ‘दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे पत्र घ्यावे. नुसता क्रम बदललेला असेल तर इथे प्रतिज्ञापत्राने बहुधा भागते. पदवी देऊन झाल्यावर अक्षराची दुरुस्ती करायची म्हणजे पदवी नव्याने छापणे आणि राष्ट्रीय नोंदवहीतली नोंद बदलणे. शांततेच्या काळातही त्याला महिने लागतात.

ही राष्ट्रीय नोंदवही मात्र मोठा आधार आहे. युक्रेनच्या प्रत्येक पदवीची नोंद शिक्षणाच्या एका केंद्रीय सरकारी डेटाबेसमध्ये होते आणि पदवीची मालिका व क्रमांक टाकून ती कुणालाही ऑनलाइन पडताळता येते. पदवी हातात आली की त्याच दिवशी ही पडताळणी करून निकालाचे पान जपून ठेवावे. नोंद सापडली नाही तर लगेच देकानातला लिहावे. इमारतीवर क्षेपणास्त्र पडले तरी ही नोंद राहते, पण ती मुळात केलेलीच नसेल तर काही उरत नाही.

अपोस्टीलबद्दल, म्हणजे कागद दुसऱ्या देशात ग्राह्य ठरावा म्हणून लागणाऱ्या सरकारी शिक्क्याबद्दल, थोडक्यात. युक्रेनमध्ये शैक्षणिक कागदाचे अपोस्टील शिक्षण मंत्रालयाच्या व्यवस्थेतून होते आणि नोटरी केलेल्या भाषांतराचे न्याय मंत्रालयाकडून. भाषांतरावर अपोस्टील असले म्हणजे मूळ पदवीवर झाले असे नव्हे, आणि ही गल्लत सर्रास होते. पदवी, पुरवणी आणि दाखले यांना शक्यतो लॅमिनेशन करू नये. आपल्याकडे प्रमाणपत्र घरी आले की आईवडील पहिल्यांदा तेच करतात, आणि मग त्यावर शिक्का बसत नाही. विद्यार्थी स्वतः जाऊ शकत नसेल तर मुखत्यारपत्र लागते: एक तर दिल्लीच्या युक्रेनी दूतावासात करावे, किंवा इथे नोटरी करून परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील घ्यावे आणि तिकडे युक्रेनी भाषांतर करून घ्यावे. मुखत्यारपत्रात ‘कागदपत्रे घेण्याचा अधिकार’ असे मोघम लिहू नये. पदवी, पुरवणी, झाचोत्काची प्रत, दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे, अपोस्टीलचा अर्ज, प्रत्येकाचे नाव लिहावे. मुदत घालावी. आणि शक्यतो मुखत्यार एजंट नसावा. मुले ज्याला ‘कॉन्ट्रॅक्टर’ म्हणतात त्याच्या हाती मूळ पदवी गेली की ती परत मिळण्याची किंमत तो ठरवतो.

दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे वरच्या यादीत का, हे अनेक पालकांना माहीत नसते. तिकडची विद्यापीठे प्रवेशाच्या वेळी मूळ प्रमाणपत्रे विद्यार्थ्याच्या फायलीत ठेवून घेतात आणि शिक्षण संपल्यावर परत देतात. परत घेण्यासाठी ‘ओबखोदनोय’ नावाचा कागद फिरवायचा असतो: ग्रंथालय, वसतिगृह, लेखाविभाग, विभागप्रमुख, प्रत्येकाची सही. २०२२ मध्ये मुले अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली, त्यामुळे हजारोंची प्रमाणपत्रे तिथेच राहिली. विद्यापीठाकडून येतील तेव्हा येतील; त्यांच्यावर अवलंबून न राहता आपल्या विभागीय मंडळाकडून दुय्यम प्रत काढून घ्यावी, शाळेमार्फत अर्ज केला की मिळते. नीटचा निकालही जपावा. मे २०१८ पासून परदेशी जाणाऱ्यांना नीट पात्रता सक्तीची आहे आणि तो निकालच पात्रता दाखल्याचे काम करतो. त्याची मूळ छापील प्रत नसेल तर पंचाईत होते, कारण जुने निकाल संकेतस्थळावर कायम राहतील असे धरता येत नाही. शुल्क भरल्याच्या पावत्यांबरोबर परदेशी पैसे पाठवल्याचा बँकेचा स्विफ्ट संदेशही ठेवावा. विद्यापीठाचा लेखाविभाग दुसऱ्या शहरात हलला असेल तर त्यांच्याकडची पावती सापडत नाही आणि ओबखोदनोयवरची सही अडते.

परीक्षेचे गणित. एफएमजीईच्या जूनच्या सत्राला ३० एप्रिलपर्यंत आणि डिसेंबरच्या सत्राला ३१ ऑक्टोबरपर्यंत पदवी मिळालेली असावी लागते. युक्रेनची पदवी जूनअखेर मिळते. म्हणजे पहिली संधी डिसेंबर सत्राची, आणि मधल्या चार महिन्यांत अपोस्टील व नावदुरुस्ती उरकली नाही तर सहा महिने वाया. परीक्षा ३०० प्रश्नांची, दीडशेचे दोन भाग, प्रत्येकाला अडीच तास, उत्तीर्ण व्हायला १५० गुण, चुकीच्या उत्तराला वजावट नाही. यातले २०० प्रश्न क्लिनिकल विषयांचे: मेडिसिन ३३, सर्जरी ३२, स्त्रीरोग-प्रसूती ३०, कम्युनिटी मेडिसिन ३०, बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा प्रत्येकी १५, उरलेले लहान विषयांचे. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. कम्युनिटी मेडिसिनच्या ३० प्रश्नांत भारताचे राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम, लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयरोगाची उपचारपद्धती येते. हे युक्रेनच्या अभ्यासक्रमात नसते. तिथल्या क्रोक या राष्ट्रीय परवाना परीक्षेची तयारी एफएमजीईला पुरत नाही याचे हे एक कारण. २०२२ मध्ये युक्रेनने तिसऱ्या वर्षाची क्रोक-१ पुढे ढकलली आणि शेवटच्या वर्षाच्या मुलांना क्रोक-२ माफ केली, तेव्हा अनेकांना सुटल्यासारखे वाटले. पण त्या परीक्षेच्या निमित्ताने होणारी उजळणीही गेली, आणि ती एफएमजीईत भोवली.

उत्तीर्ण झाल्यावर इंटर्नशिपची जागा. महाविद्यालयाच्या मंजूर प्रवेशक्षमतेच्या जास्तीत जास्त ७.५ टक्के जागा परदेशी पदवीधरांना देता येतात. १५० जागांच्या महाविद्यालयात अकरा, १०० जागांच्या ठिकाणी सात. शुल्क घ्यायचे नाही आणि विद्यावेतन इथल्या इंटर्नइतकेच द्यायचे, असे ४ मार्च २०२२ चे परिपत्रकच सांगते. कुठे शुल्क मागितले किंवा विद्यावेतन नाकारले तर त्या परिपत्रकाची प्रत जोडून अधिष्ठात्यांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि एक प्रत राज्य परिषदेला पाठवावी. तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

आता माजी विद्यार्थ्यांविषयी. महाराष्ट्रात युक्रेनमधून, किंबहुना सोव्हिएत काळापासून, शिकून आलेले डॉक्टर तालुक्या-तालुक्यात आहेत. त्यांनाही युद्धाची झळ बसते, पण वेगळ्या प्रकारे. ब्रिटनमध्ये किंवा अमेरिकेत जायचे तर पदवीची पडताळणी थेट विद्यापीठाकडून होते, आणि तिथे उत्तर द्यायला माणूस हवा. २०१४ मध्ये दोनेत्स्क आणि लुहान्स्क रशियाच्या पाठिंब्यावरच्या बंडखोरांच्या ताब्यात गेल्यावर तिथली विद्यापीठे युक्रेनच्या ताब्यातल्या शहरांत हलवली गेली. लुहान्स्कचे वैद्यकीय विद्यापीठ रुबिझ्ने इथे गेले आणि २०२२ मध्ये तेही सोडून रिव्नेला. दोनेत्स्कचे वैद्यकीय विद्यापीठ आधी क्रामातोर्स्क आणि आता क्रोपिव्नित्स्की इथे आहे. जुन्या इमारतींत त्याच नावाने दुसरी विद्यापीठे सुरू राहिली, आणि त्यांची कागदपत्रे युक्रेन मानत नाही. त्यामुळे २०१४ पूर्वीच्या पदवीधराने पडताळणीचा अर्ज चुकून जुन्या पत्त्यावर पाठवला तर येणारे उत्तर निरुपयोगी असते. नावेही बदलली आहेत: खारकोव्हचे खारकीव, कीएव्हचे कीव, दनिप्रोपेत्रोव्स्कच्या अकादमीचे दनिप्रो वैद्यकीय विद्यापीठ, झापोरिझ्झियाच्या वैद्यकीय विद्यापीठाच्या नावात २०२३ पासून ‘औषधनिर्माण’ हा शब्द वाढला. अर्जात पदवीवरचे जुने नाव आणि कंसात आजचे, दोन्ही लिहावीत.

या माजी विद्यार्थ्यांची स्नेहसंमेलने होतात, व्हॉट्सअ‍ॅपचे गट आहेत, दिवाळीचे शुभेच्छासंदेश फिरतात. त्यातून कामाची मदत उभी करता येईल. प्रत्येक विद्यापीठासाठी दोन-तीन जणांनी सध्याचा पत्ता, चालू ईमेल, पडताळणी करणाऱ्या विभागाचे नाव आणि अलीकडे कुणाला किती दिवसांत उत्तर आले ही यादी दर तीन महिन्यांनी अद्ययावत ठेवावी. युक्रेनी किंवा रशियन वाचता येणाऱ्यांनी नव्या पदवीधरांच्या पुरवण्यांचे मसुदे तपासून द्यावेत. ‘मखेश’ त्यांच्या नजरेतून सुटणार नाही. आपल्या रुग्णालयात या मुलांना निरीक्षक म्हणून येऊ द्यावे, पण त्याचा ‘इंटर्नशिप’ असा दाखला मात्र देऊ नये. तो मान्य होत नाही, आणि मुलाच्या अर्जावर डाग राहतो.

शासनाकडे मागणी एवढीच. राज्य वैद्यकीय परिषदेने युद्धग्रस्त देशांतून आलेल्या पदवीधरांसाठी लागणाऱ्या कागदांची एकच यादी मराठीत प्रसिद्ध करावी, प्रत्येक कागद का हवा हे एका ओळीत सांगून. अर्ज अपुरा असेल तर सगळ्या त्रुटी एकदम कळवाव्यात. आज एक त्रुटी दूर केली की दुसरी निघते आणि प्रत्येक फेरीला युक्रेनशी पत्रव्यवहार नव्याने करावा लागतो. जिल्हा रुग्णालयांत अपघात विभाग आणि प्रसूतिकक्षातल्या जास्तीच्या पाळ्या या मुलांना आधी द्याव्यात. आणि केंद्राने ‘एकवेळची सवलत’ या शब्दांत अडकून न राहता कायमचा लेखी नियम करावा: युद्धात शिक्षण तुटले तर कोणत्या वर्षाच्या विद्यार्थ्याने काय करायचे. जून २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंधू’ राबवून इराणमधून वैद्यकीय विद्यार्थी आणावे लागले, तेव्हा ऑनलाइन तास, भरून काढायची हजेरी, तिथे अडकलेली प्रमाणपत्रे हे सगळे प्रश्न पुन्हा उभे राहिले, आणि युक्रेनसाठीच्या एकवेळच्या सवलती त्यांना लागू नव्हत्या.

आपल्या दैनिकाने एफएमजीई आणि इंटर्नशिपच्या अर्जांच्या तारखा जाहीर होताच जिल्हा आवृत्त्यांतही छापाव्यात. गावातल्या पालकांपर्यंत त्या एजंटाच्या आधी पोहोचायला हव्यात.

कळावे,
आपले,
परदेशी वैद्यकीय पदवीधरांच्या कागदपत्रांसाठी मदत करणारे काही डॉक्टर व पालक, पुणे